रोजच्या सत्तावीस मिलिसेकंदांचा माग

मी तपासायला घेतलेल्या अतिअचूक क्वार्ट्झ मनगटी घड्याळासोबतच्या कागदावर दावा होता: वर्षाला ±१० सेकंद. त्याला ३६५ने भागलं की दिवसाला २७ मिलिसेकंद येतात. पापणी लवायलासुद्धा याच्या कितीतरी पट वेळ लागतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ सेकंदांपर्यंत, म्हणजे रोज अर्ध्या सेकंदापर्यंत पुढे-मागे जातं. ते तपासायला नजर पुरते. इथे मात्र घड्याळाआधी मोजणारा, मोजायचं साधन आणि ज्याच्याशी ताडायचं ती वेळ, या तिघांची परीक्षा घ्यावी लागली. चाचणीतले पहिले १५ दिवस त्यातच गेले, आणि ते तसे जायलाच हवेत.

सुरुवातीला दोन शब्द वेगळे करून ठेवले. ‘फरक’ म्हणजे या क्षणी घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे. ‘चाल’ म्हणजे तो फरक रोज कितीने बदलतो. घड्याळ लावताना हात चुकून ते ०.२ सेकंद पुढे लागलं, तर दोष लावणाऱ्याचा. घड्याळाचा कस चालीत असतो. म्हणून घड्याळ एकदा लावलं की चाचणी संपेपर्यंत त्याला पुन्हा लावायचं नाही, फक्त फरक नोंदवत जायचा. फरक म्हणजे घड्याळ वजा खरी वेळ, पुढे असेल तर अधिक, मागे असेल तर उणे. हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं, कारण चिन्हांची उलटापालट ही या कामातली सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक आहे.

यातूनच सगळ्या चाचणीला पुरणारा एक नियम निघतो. जी चूक रोज तेवढीच होते, ती वजाबाकीत उडून जाते. जी चूक रोज बदलते, ती थेट चालीत शिरते. पडदा रोज ४० मिलिसेकंद उशिरा उजळत असेल तर उजळू द्या. तो आज १० आणि उद्या ५० मिलिसेकंद उशिरा उजळला, तर घड्याळाच्या दाव्यापेक्षा मोठी चूक आपणच वहीत लिहिली.

आत काय चालतं ते माहीत नसेल तर चाचणीची मुदत ठरवता येत नाही, म्हणून तेवढं आधी सांगतो. बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांत चिमट्याच्या आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५ वा घात. १५ वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका मिळतो. या स्फटिकाची चाल तापमानाने बदलते आणि तिचा आलेख उलट्या वाटीसारखा असतो. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो माथ्यावर असतो. तिथून थंडीकडे जा किंवा उष्णतेकडे, घड्याळ मागेच पडतं. माथ्यापासूनच्या अंतराचा वर्ग करून ०.०३४ ने गुणलं की दशलक्षात किती भाग मागे पडेल ते येतं. १० अंशांच्या अंतराला ३.४ भाग. दशलक्षात एक भाग म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद किंवा वर्षाला साडेएकतीस सेकंद. म्हणजे फक्त १० अंशांनी दिवसाला ०.२९ सेकंद जातात. वर्षाला १० सेकंदांचा दावा करायचा तर एवढी चूक झाकावीच लागते.

अतिअचूक घड्याळं ती दोन वाटांनी झाकतात. एक, तापमान मोजून भरपाई करणं. ग्रँड सेइकोच्या ९एफ यंत्रात तापमान दिवसातून ५४० वेळा मोजलं जातं, आणि त्यातले स्फटिक बसवण्याआधी तीन महिने मुरवलेले असतात. दुसरी वाट मुळातच तापमानाला कमी बधणाऱ्या स्फटिकाची. सिटिझनने २०१९ साली आणलेल्या कॅलिबर ०१०० मध्ये एटी नावाच्या पद्धतीने (ठरावीक कोनात) कापलेला, सेकंदाला ८३ लाख ८८ हजार ६०८ कंप घेणारा स्फटिक आहे. त्यातही दर मिनिटाला तापमान पाहून भरपाई होते, आणि दावा वर्षाला ±१ सेकंद. वाट कोणतीही असो, घड्याळाबाहेरून दिसतो तो फक्त ठोका.

भरपाई प्रत्यक्षात कशी होते, हे मात्र मोजणाऱ्याला कळलंच पाहिजे. स्फटिक मुद्दाम किंचित जलद ठेवतात, आणि कंप निम्मे-निम्मे करत जाणारी विभाजक साखळी ठरावीक काळाने काही कंप मोजणीतून गाळते. हा काळ बऱ्याच घड्याळांत १० किंवा ६० सेकंदांचा असतो, तापमान-भरपाईच्या काही यंत्रांत ८ मिनिटांचाही. दोन गाळण्यांच्या मधले सगळे ठोके जलदच पडतात, आणि गाळण्याच्या क्षणी एकदम दुरुस्ती होते. यातून दोन फसवणुकी होतात. संवेदनशील माइकने स्फटिकाचा ३२ किलोहर्ट्झचा कंप पकडून चाल काढली, तर उत्तम घड्याळही रोज सेकंदभर पुढे जाताना दिसू शकतं, कारण गाळणी त्या कंपाच्या पुढे बसलेली असते. आणि क्वार्ट्झ तपासायच्या यंत्रावर १० सेकंदांची मोजणी ठेवली, पण घड्याळाचा गाळण्याचा काळ ६० सेकंद असला, तर दर मोजणीला वेगळा आकडा येतो. यंत्रावरचा मोजणीचा काळ गाळण्याच्या काळाएवढा किंवा त्याच्या पूर्ण पटीत ठेवावा लागतो. तेवढं करूनही यंत्र त्या मिनिटाची, त्या तापमानाची चाल सांगतं, वर्षाची नाही. म्हणून मी यंत्राचा रस्ता सोडून फरक नोंदवण्याचाच धरला. दिवसाकाठच्या फरकात गाळण्याची ही करवत जाणवत नाही. स्फटिक दशलक्षात ५ भाग जलद असेल आणि गाळण्याचा काळ ८ मिनिटांचा, तरी करवतीचा दाता जेमतेम २.४ मिलिसेकंदांचा.

आता खरी वेळ कुठून आणायची. फोनच्या पडद्यावरचं घड्याळ बाद, ते कधी जुळवून घेतं ते आपल्या हातात नाही. रेडिओ लहरींवर जुळणारं भिंतीवरचं घड्याळही बाद. ते सहसा दिवसातून एक-दोनदाच संकेत घेतं आणि मधल्या वेळेत साध्या क्वार्ट्झवर चालतं. इंटरनेटवरून एनटीपीने (सर्व्हरला वेळ विचारून घड्याळ जुळवायची पद्धत) जुळवलेला संगणक चालतो, पण तो कायम जुळवत राहणारा हवा, दिवसातून एकदा विचारणारा नको. एनटीपीची चूक जाण्या-येण्याच्या वेळेच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. फेरीला ४० मिलिसेकंद लागत असतील तर जास्तीत जास्त २०. वायफायवर ही फेरी सारखी बदलते, तारेच्या जोडणीवर बरीच स्थिर राहते. म्हणून तार वापरली आणि सर्व्हर एकच ठेवला. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला अधूनमधून घातला जाणारा जादा सेकंद) दिवसभरात पसरवून देणारे सर्व्हर आणि तसं न करणारे सर्व्हर एकाच यादीत मिसळू नयेत. लीप सेकंद २०१६च्या ३१ डिसेंबरनंतर आलेला नाही, तरी यादी पहिल्यापासून शुद्ध ठेवलेली बरी.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे जीपीएसचं छोटं मॉड्यूल. त्याच्या पीपीएस (पल्स पर सेकंद) पिनेवर दर सेकंदाच्या सुरुवातीला एक स्पंद येतो आणि तो मायक्रोसेकंदाच्याही आत अचूक असतो. आपल्या कामाला हे गरजेच्या हजारो पट जास्त आहे, आणि एवढी मोकळीक असली की संदर्भावर पुन्हा शंका घ्यावी लागत नाही. फक्त तीन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, मॉड्यूलमधून तारेने येणारी वेळेची अक्षरं आणि पीपीएसचा स्पंद या वेगळ्या चिजा आहेत. अक्षरं शेकडो मिलिसेकंद उशिरा येतात आणि तो उशीर रोज बदलतो. ताडायचं ते स्पंदाशी. दुसरी, स्पंदाची कोणती कड सेकंदाची हे पाहून घ्यायचं. स्पंद साधारण १०० मिलिसेकंद रुंद असतो. चुकीची कड धरली तर फरक १०० मिलिसेकंदांनी सरकतो, आणि एखाद्या दिवशी एक कड, दुसऱ्या दिवशी दुसरी धरली तर चालीचा पूर्ण विचका होतो. तिसरी, जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. बराच काळ बंद असलेलं मॉड्यूल सुरू केल्यावर उपग्रहाचा पूर्ण संदेश मिळायला साडेबारा मिनिटं लागतात, तोवर ते चुकीचे सेकंद दाखवू शकतं. स्पंद त्याआधीही बरोबर असतो, पण सेकंद कितवा हे सांगत नाही. तो एकदा संगणकाशी ताडून घेतला की पुरे.

मोजण्याच्या तीन पद्धती वापरल्या.

पहिली स्टॉपवॉच आणि नजर. खऱ्या वेळेच्या ठोक्याला स्टॉपवॉच सुरू करायचं, काही सेकंदांनी घड्याळाच्या ठोक्याला थांबवायचं, आणि पूर्ण सेकंद वजा करायचे. हे एका बैठकीत १० वेळा करून सरासरी घ्यायची. दचकून दाबण्यापेक्षा चार-पाच ठोके लयीत मोजून लयीवर दाबावं, विखुरणं निम्म्याने कमी होतं. इथली ठरलेली चूक म्हणजे सुरुवात आवाजावर आणि शेवट नजरेवर करणं. कान डोळ्यापेक्षा सुमारे ४० मिलिसेकंद आधी प्रतिसाद देतो. दोन्ही वेळा नजर, नाहीतर दोन्ही वेळा कान. १० वाचनांची सरासरी घेतली तरी माझी एका दिवसाची अनिश्चितता ±३० मिलिसेकंदांखाली आली नाही. थकवा आणि उजेड यांनीही ती हलते.

दुसरी पद्धत कॅमेऱ्याची, आणि बहुतेकांना मी हीच सुचवेन. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण करायचं. दोन फ्रेममधलं अंतर ४.१७ मिलिसेकंद. फ्रेममध्ये घड्याळाची तबकडी आणि तिच्या शेजारी पीपीएसवर मिचकणारा एलईडी. बऱ्याच स्वस्त मॉड्यूलवर तो बसवलेलाच असतो. संगणकाचा पडदा चित्रित करण्यापेक्षा एलईडी कधीही सरस. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलतो, तिथेच १७ मिलिसेकंदांचा गोंधळ आला, आणि पडद्याचा स्वतःचा उशीर त्यात मिळतो.

फोन तिवईवर, भिंग तबकडीच्या अगदी समोर. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे फ्रेमच्या वरच्या आणि खालच्या कडेत एका फ्रेमएवढंही अंतर पडू शकतं. म्हणून एलईडी आणि सेकंदकाट्याचं टोक एकाच उंचीवर यावं अशी मांडणी केली आणि काटा रोज त्याच खुणांपाशी असताना मोजणी केली. विजेच्या दिव्याखाली फ्रेम उजळतात-मावळतात आणि काट्याची पहिली हालचाल निसटते. दिवसाचा उजेड किंवा बॅटरीवर चालणारी विजेरी वापरावी. ध्वनिचित्रफीत संगणकावर घेऊन एकेक फ्रेम पुढे नेत पाहायची. फोन स्लो मोशनमध्ये दाखवतो त्या सेकंदांवर विसंबू नये. काही फोन २४० म्हणून नोंदवतात, पण उजेड कमी झाला की फ्रेम दर हलतो. तपासायचा सोपा उपाय त्याच फितीत आहे: एलईडीच्या दोन उजळण्यांत २४० फ्रेम आल्या पाहिजेत. २३९ किंवा २४१ चालतील, २३० आल्या तर ती फीत टाकून द्यावी.

काटा एका फ्रेममध्ये उडी मारत नाही. तो निघतो, पुढे जातो, थोडा थरथरतो आणि स्थिरावतो. यातली एकच खूण धरायची. मी पहिली हालचाल दिसणारी फ्रेम धरली. स्थिरावण्याची फ्रेम धरली तर सेलची ताकद आणि तेलाचा चिकटपणा मधे येतात. काटा एलईडीच्या आधी हलला तर घड्याळ पुढे, नंतर हलला तर मागे. १० ठोक्यांची सरासरी घेतल्यावर रोजची अनिश्चितता ±३ मिलिसेकंदांवर आली.

तिसरी पद्धत कॉइलची. घड्याळाचा काटा टप्प्याटप्प्याने फिरवणाऱ्या स्टेपर मोटरला दर सेकंदाला विजेचा झटका मिळतो, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मागच्या झाकणातून थोडंसं बाहेर येतं. हजारो वेढ्यांची बारीक तारेची कॉइल झाकणाला टेकवली की तो झटका पकडता येतो. छोट्या रिलेमधून काढलेली, लोखंडी गाभा असलेली कॉइल चालते. तिच्यात कायमचं चुंबक नाही याची खात्री करावी. स्पीकर किंवा हेडफोनमधली कॉइल त्यासाठीच वापरू नये. कॉइलचा संकेत स्टिरिओ साउंड कार्डच्या एका बाजूला, पीपीएस दुसऱ्या बाजूला. पीपीएसचे ३.३ व्होल्ट थेट जोडायचे नाहीत: आधी १०० किलोओमचा रोध, मग जमिनीकडे (ग्राउंडकडे) १ किलोओमचा, आणि मधून ३३ मिलिव्होल्ट घ्यायचे. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा एकाच बाजूचं असतं, त्यामुळे वेगळं स्टिरिओ लाइन-इन लागतं. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर एक नमुना २०.८ मायक्रोसेकंदांचा. साउंड कार्डचं स्वतःचं घड्याळ कितीही ओबडधोबड असलं तरी चालतं. मोजायचं अंतर सेकंदाच्या आतलं असतं आणि त्या अंतरावर दशलक्षात ५० भागांची चूकही ५० मायक्रोसेकंदांहून कमी भरते.

कॉइलवर झटक्यांचा आकार दिसतो आणि त्यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. बरीच यंत्रं सेल वाचवण्यासाठी आधी छोटा झटका देतात. मोटर फिरली नाही असं कळलं तर काही मिलिसेकंदांनी मोठा झटका देतात. तारीख बदलताना चाकांवर भार वाढतो, तेव्हा असे दुहेरी झटके जास्त. कॅमेऱ्यात अशा वेळी काटा उशिरा हललेला दिसतो, स्फटिकाचा मात्र त्यात काही दोष नसतो. तेव्हापासून रात्री १० ते २ या वेळेत नोंद घेतली नाही. कॉइलवर झटका दिसतो आणि काटा त्यानंतर काही मिलिसेकंदांनी हलतो, म्हणून कॉइलच्या आणि कॅमेऱ्याच्या नोंदी एकाच ओळीत कधी मिसळायच्या नाहीत. साधन बदललं की नवी मालिका.

साधनाची परीक्षा अशी घेतली: एकाच बैठकीत १० मिनिटांच्या अंतराने तीनदा मोजणी, दर वेळी मांडणी पूर्ण मोडून पुन्हा उभी करून. १० मिनिटांत घड्याळ ०.२ मिलिसेकंदही सरकत नाही. म्हणजे तीन वाचनांत जो फरक येईल तो सगळा आपला. कॅमेऱ्यावर तो ३ मिलिसेकंदांच्या आत राहू लागला तेव्हाच वहीत पहिली नोंद केली.

घड्याळ लावताना चावी ओढली की काटा थांबतो. बहुतेक यंत्रांत चावी दाबल्यावर पहिला ठोका बरोबर एका सेकंदाने पडतो, म्हणून काटा १२ वर थांबवून खऱ्या वेळेच्या शून्याव्या सेकंदाला चावी दाबायची. माझं घड्याळ ०.१८४ सेकंद पुढे लागलं. ते तसंच ठेवलं.

पहिले ३० दिवस घड्याळ मनगटावर न घालता एका खोक्यात, तबकडी वर, तापमान २४ अंशांच्या एक अंश इकडे-तिकडे. रोज एकाच वेळी नोंद: तारीख, वेळ, फरक, गेल्या २४ तासांतलं कमाल-किमान तापमान, आणि काही वेगळं घडलं असेल तर ते. पहिल्या तीन दिवसांच्या चाली आल्या ८, १३ आणि ४ मिलिसेकंद. यात घड्याळ चंचल आहे असं समजण्याचं कारण नाही. प्रत्येक नोंद ±३ची असेल तर दोन नोंदींच्या वजाबाकीत ±४ येतातच. दहाव्या दिवशी फरक +०.२६४, विसाव्या दिवशी +०.३४२ आणि तिसाव्या दिवशी +०.४२१. ३० दिवसांत २३७ मिलिसेकंद, म्हणजे रोज ७.९, आणि हीच चाल टिकली तर वर्षाला २.९ सेकंद पुढे.

या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, त्याचं गणित सोपं आहे. एका नोंदीची अनिश्चितता १.४ ने गुणायची आणि मधल्या दिवसांनी भागायची. कॅमेऱ्याचे ±३ मिलिसेकंद आणि १० दिवस घेतले तर चालीत ±०.४२, म्हणजे वर्षाला ±०.१५ सेकंद. स्टॉपवॉचचे ±३० मिलिसेकंद आणि १०० दिवस घेतले तरी नेमकं तेवढंच. ज्याच्याकडे साधन नाही त्याने मुदत वाढवावी, उत्तर तितकंच चोख येतं. रोजच्या ३० नोंदींतून सरळ रेषा काढली तर नुसत्या पहिल्या-शेवटच्या नोंदीपेक्षा अनिश्चितता निम्म्याहून कमी होते. पण रेषा काढण्याआधी आलेख डोळ्यांनी पाहावा. मधेच वाक असेल तर रेषा तो लपवते.

खोक्यातला आकडा खोक्यातल्याच तापमानाचा. भरपाई किती खरी आहे हे थंडीत आणि उष्णतेत कळतं. घड्याळांच्या अचूकतेचं प्रमाणपत्र देणारी स्विस कोस्क संस्थाही क्वार्ट्झ क्रोनोमीटर ८, २३ आणि ३८ अंशांवर तपासते, आणि २३ अंशांवर रोज ०.०७ सेकंदाची मर्यादा लावते. वर्षाच्या हिशेबात ती सुमारे २५ सेकंद होते, म्हणजे आपल्या दाव्याहून बरीच सैल. मी ७ अंश आणि ३३ अंश घेतले, प्रत्येकी ५ दिवस. ७ अंशांसाठी फ्रिजमध्ये थर्मोकोलचा खोका, आत पाण्याची भरलेली बाटली आणि तापमापक. बाटलीमुळे फ्रिजची यंत्रणा चालू-बंद झाल्याचे हेलकावे आत पोचत नाहीत. घड्याळ घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर काचेच्या आतून-बाहेरून दव धरतं. दोन तास तशीच ठेवायची. ५ दिवस म्हणजे १२० तास, त्यात हे दोन तास फारसे काही बिघडवत नाहीत.

भरपाई नसलेलं घड्याळ ७ अंशांवर दशलक्षात ११ भाग, म्हणजे रोज जवळजवळ एक सेकंद मागे पडलं असतं. हे घड्याळ उलट रोज १९ मिलिसेकंद पुढे गेलं. ३३ अंशांवर चाल ३ मिलिसेकंदांवर आली. म्हणजे भरपाई चालते, आणि थंडीत ती गरजेपेक्षा किंचित जास्तच होते. ७ अंशांवर हे घड्याळ वर्षभर ठेवलं तरी ७ सेकंदांच्या आत राहील. हा तपशील वर्षभराच्या एका आकड्यातून कधीच कळला नसता. मनगटावर घड्याळ ३०-३१ अंशांच्या आसपास असतं. दिवसातले १२ तास घातलं तर चाल ६ च्या आसपास यावी असा अंदाज काढला. पुढच्या महिन्यात प्रत्यक्षात ५.८ आली. हा ताळा जमला तेव्हाच आधीच्या तिन्ही आकड्यांवर माझा भरवसा बसला.

याच महिन्यात एका सकाळी घड्याळ अचानक २ सेकंद मागे दिसलं. असं झालं की आधी दशांशानंतरचे आकडे पाहावेत. ते आदल्या दिवशीच्या रेषेवरच होते, फक्त पूर्ण २ सेकंद गायब. स्फटिकाची चूक अशी कधी येत नाही, ती हळूहळू सरकत येते. हा मोटरीचा प्रकार. सेकंदाला एकच टप्पा घेणाऱ्या मोटरीत झटक्यांची दिशा आलटून-पालटून उलटते. चुंबकामुळे किंवा दणक्याने एक टप्पा चुकला, तर पुढचा झटका जागेवरच राहिलेल्या रोटरला (मोटरीतल्या फिरत्या भागाला) चुकीच्या दिशेचा ठरतो आणि तोही वाया जातो. म्हणून अशी घट १ सेकंदाची नसते, २ च्या पटीत असते. रात्री घड्याळ चुंबकाने बंद होणाऱ्या आवरणाशेजारी राहिलं होतं. नोंदीत +२ ची दुरुस्ती स्पष्ट लिहून मालिका पुढे चालू ठेवली. काही यंत्रं चुकलेला काटा स्वतःच जागेवर आणतात. तशांत अशी घट काही तासांनी आपोआप नाहीशी होते आणि मोजणारा उगीच स्वतःच्या वाचनावर शंका घेतो.

चाल दुरुस्त करायची सोय काही यंत्रांत असते, ९एफमध्ये पुढे-मागे करायचं छोटं बटण आहे. पण झाकण उघडलं की धूळ, ओल आणि पाणी अडवणाऱ्या रबराच्या रिंगचा प्रश्न आला. त्यातून नवा स्फटिक पहिल्या वर्षभरात थोडा सरकतो, आज शून्यावर आणलेली चाल सहा महिन्यांनी शून्यावर राहीलच असं नाही. २.९ सेकंदांवर असलेलं हे घड्याळ मी उघडलं नाही. १२ महिने दर आठवड्याला एक नोंद एवढंच ठेवलं आहे. आठवड्याच्या नोंदींत ऋतूंचा वाक आणि जुनेपणाचा उतार वेगळे ओळखता येतात: वाक वर्षाने परत जागेवर येतो, उतार येत नाही.

सेल उतरत आला की बरीच घड्याळं काटा ४-४ सेकंदांच्या उडीने चालवतात. तेव्हा काटा फक्त दर चौथ्या सेकंदाला हलतो, म्हणून फरक त्याच उडीवर मोजायचा. वेळ साधारण बरोबरच असते, पण त्या दिवसांच्या नोंदी मालिकेत धरू नयेत. सेल बदलायच्या तासभर आधी शेवटची नोंद घ्यावी, बदलल्यावर घड्याळ नव्याने लावून खोलीच्या तापमानाला दोन तास मुरू द्यावं, आणि नव्या पानावर नवी मालिका सुरू करावी. फरक नवा असेल, चाल मात्र जुन्याच रेषेला समांतर निघायला हवी. १० दिवसांत ती तशी निघाली नाही, तर घड्याळ उघडताना आत काहीतरी हललं आहे. अशा वेळी झाकण पुन्हा उघडण्याआधी घड्याळ ५ दिवस पुन्हा २४ अंशांच्या खोक्यात ठेवून मोजून पाहावं.